चोरखमाऱ्याची जीप

हेडलाइटची काच काढली, आणि मागच्या वाटीतून एक वाळलेली गोगलगाय दुर्गेश्वरीच्या तळहातावर पडली.

हरभऱ्याच्या दाण्याएवढी, पोकळ, पांढरी पडलेली. तिच्यामागून चिमूटभर करडी माती आली, पिठासारखी मऊ. दुर्गेश्वरीनं मूठ मिटली आणि आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

"भूपेंद्र, गाडी कधी पान्यात गेली होती का?"

"पान्यात? नाही जी, ताई." जीपचा मालक भूपेंद्र तिशीतला धान पिकवणारा पोरगा. गाडी विकायची घाई त्याच्या तोंडावरच दिसत होती. "बाबानं जबलपूरच्या लिलावातून आनली. तवापासून या शेडमंधीच उभी आहे."

"नाल्यात? पुरात?"

"शेडच्या बाहेरच काढली नाही, तर नाल्यात कशी जाईल?"

जीपखालून ओमेश मिस्त्रीचे दोन पाय तेवढे बाहेर दिसत होते. तो तिथूनच ओरडला, "ताई, ही नाही. नंबर वेगळा आहे." आणि सांगाड्यावर कोरलेला नंबर त्यानं एकेक आकडा करून वाचून दाखवला.

ही नाही. बालाघाट, भंडारा, राजनांदगाव, नागपूर, जिथं जिथं जुनी जीप विकायला निघाली तिथं तिथं दुर्गेश्वरीनं हेच ऐकलं होतं.

फुलचूरला तिचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. गोंदियाच्या बाजारानं तिला 'न घेणारी दीदी' असं नाव ठेवलं होतं. जुनी जीप दिसली की ही बाई चुंबक, टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. तासभर तपासणार, भाव विचारणार आणि हात हलवत परत जाणार. लोक म्हणत, हौस दांडगी पण हात सुटत नाही. म्हणोत बापडे. तिला जीप घ्यायचीच नव्हती. तिला एकच जीप शोधायची होती, आणि त्या जीपच्या आडून तो माणूस, ज्यानं तिचं घर उठवलं.

सात वर्षांपूर्वी, धान कापणीच्या दिवसांत, तिचा धाकटा भाऊ खेमराज स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला जीप घेऊन निघाला. तो परत आला नाही. ना माणूस, ना गाडी. पोलिसांनी शोध घेतला आणि शेवटी मत दिलं की लग्न नको असेल, जीप विकून कुठंतरी गेला असेल. नवरीच्या बापानं अंगणात उभं राहून चार लोकांसमोर 'पळपुट्याचं घर' म्हणून थुंकी टाकली. त्या दिवसापासून माय दारात बसू लागली. रस्त्यावर जीपचा आवाज आला की उठायची, दुसऱ्याची निघाली की पुन्हा बसायची. अशीच बसल्या बसल्या ती एका दुपारी गेली. सरणापाशीसुद्धा कोणीतरी म्हणालंच, पोरगा काही आला नाही.

दुर्गेश्वरी तेव्हा रडली नाही. खेमराज पळणाऱ्यांतला नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं. ज्यानं त्याला गायब केलं त्यालाही आपल्या मायसारखंच रडवायचं, एवढं एकच तिनं मनात धरून ठेवलं होतं. राग शिळा होतो म्हणतात. तिचा झाला नव्हता.

या सगळ्यात तिच्या बाजूनं उभा राहिला तो ओमेश. खेमराजचा जिवलग मित्र, तिरोड्याचा मिस्त्री. भाऊ गेल्यावर पहिल्याच राखीला त्यानं स्वतःहून हात पुढं केला होता. गाड्या पाहायला दर वेळी सोबत यायचा. कामं वाटलेली होती. गाडीखाली शिरून नंबर वाचायचा तो, वरचं सगळं तपासायची ती.

आजची जाहिरात तिनं मोबाइलवर पाहिली होती. 'जुनी जीप, प्रोजेक्टसाठी, जशी आहे तशी.' गाव चोरखमारा तलावाच्या काठचं. येताना ओमेश कुरकुरत होता. "ताई, फोटोतच दिसून राहिलं, ही नाही. कायले डिझेल जाळता?" एरवी असा फोटो पाहिला की तोच आधी निघायचा.

आता गोगलगाय मुठीत असताना दुर्गेश्वरीला ते आठवलं. पण आठवलं तेवढंच. हाताशी काम होतं. गोगलगाय तिनं रुमालाच्या गाठीत बांधून ठेवली.

जुनी जीप घेणाऱ्यानं रंगाला भुलू नये. तिनं चुंबक दारापासून मागपर्यंत फिरवला. खालच्या बाजूला तो चिकटेना. म्हणजे तिथला पत्रा कुजलेला, वर नुसती लांबीची पुट्टी भरलेली. हिरवा रंग ब्रशनं मारलेला, घाईघाईत, रबरावरसुद्धा. कोणाला ही गाडी सुंदर करायची नव्हती. झाकायची होती.

"बोनेट उघड," ती म्हणाली.

"तेच तर उघडत नाही, ताई," भूपेंद्र म्हणाला. "बाबाच्या वेळेपासून अटकलं आहे. पहार लावून पाहिली, मिस्त्री आनून पाहिला."

ओमेश खालून निघाला, कपडे झटकत पुढं आला. "सरक." त्यानं डावा गुडघा जाळीच्या कोपऱ्यावर रेटला, दोन्ही हातांनी कड उचलली आणि बोनेट कडकन वर आलं.

"आयला!" भूपेंद्रचा जबडा खाली आला.

"जुन्या जीपांचं असंच असते," ओमेश म्हणाला आणि खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी काढून घोटत बसला.

आत इंजिन गंजून एकसंध झालं होतं. पंखा हातानं हलेना. दुर्गेश्वरी चालकाच्या जागेवर जाऊन बसली. स्टिअरिंग दोन्हीकडं हलवून पाहिलं, मग दांडे. गाडी पहिल्या गिअरमध्ये अडकलेली. शेजारचा छोटा दांडाही 'लो'वर, म्हणजे चिखलात, चढावर जोर काढायला टाकतात तिथं. डॅशवर एक बटण पार बाहेर ओढलेलं आणि तसंच गंजलेलं.

"हे काय आहे, माहीत आहे?"

"चोक असेल," भूपेंद्र म्हणाला.

चोक नव्हता. जुन्या जीपांना हाताचा ॲक्सिलरेटर असतो. बटण ओढून ठेवलं की पाय न लावता इंजिन चालत राहतं, शेतात पंप फिरवायला सोयीचं. पण हे बटण ओढून गाडी 'लो'मध्ये, पहिल्यात टाकली, तर ती म्हाताऱ्या बैलासारखी सावकाश पुढं चालत राहते. आत कोणी बसलेलं नसलं तरी.

दुर्गेश्वरी खाली उतरली. चालकाच्या गादीखाली पेट्रोलची टाकी असते, तीही तपासायची होती. तिनं गादी उचलली.

टाकीच्या कडेला, पत्र्यावर, बोल्टनं पक्का केलेला लाकडाचा ठोकळा होता. लाकडात लोहारानं घडवलेले जाड खिळे एका ओळीत ठोकलेले.

तिनं दार धरलं.

आखाडी अमावस्येला, जिवतीच्या दिवशी, या भागात लोहार घरोघरी फिरतो आणि चौकटीत एक खिळा ठोकून जातो. घरातल्यांचा जीव सुखरूप राहावा म्हणून. खेमराजनं जीप आणली त्या वर्षी माय हट्टाला पेटली की गाडीलाही खिळा पाहिजे. लोहार हसला. लोखंडात खिळा कसा ठोकू, माय? मग खेमराजनं जुन्या चौकटीचा सागवानी तुकडा कापून गादीखाली बसवला, आणि दर जिवतीला लोहार त्यात खिळा ठोकू लागला. असला उपद्व्याप अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाच्या मायनं केला असेल, तर शपथ.

ही तीच जीप होती.

ओमेश पलीकडं खर्रा घोटत होता. दुर्गेश्वरीच्या ओठावर हाक आली आणि तिथंच थांबली. तो तर नंबर वेगळा म्हणाला होता.

"ओमेश, आपल्या गाडीतून मोठा जॅक आन जरा."

तो रस्त्याकडं गेला. ती सरळ मातीत आडवी झाली, जीपखाली सरकली, नंबराच्या जागेवर फडकं फिरवलं आणि टॉर्च धरला. तिथं वेगळा नंबर नव्हता. तिथं नंबरच नव्हता. गंजाचे पापुद्रे सुटून लोखंड खवल्याखवल्यांचं झालं होतं. या गंजावरून ओमेशनं सगळे आकडे खणखणीत वाचून दाखवले होते.

ती बाहेर आली, शेडच्या मागं गेली आणि ठाण्यातल्या साहेबांना फोन लावला. "साहेब, माझ्या भावाची जीप सापडली. लवकर या. मानूसही सापडला आहे, असं वाटून राहिलं."

परतली तेव्हा भूपेंद्रची आई सुशिलाबाई चहा घेऊन आली होती. ओमेशच्या हातात कप देताना म्हातारी थबकली.

"काऊन रे, तू इकडे बटईनं धान लावत होतास ना? आमच्या शेताच्या धुऱ्याले लागून?"

"मी नाही, मावशी." ओमेशनं कप घेतला. "माझी बटई बोदलकशाले होती."

बटईनं, म्हणजे वाट्यानं, केलेली शेती बोदलकशाला होती, असंच त्यानं दुर्गेश्वरीलाही नेहमी सांगितलं होतं. रानडुकरांनी पीक खाल्लं म्हणून शेती सोडली, असंही.

"तूच तो," म्हातारी म्हणाली. "मी मानूस विसरत नाही. कापनीच्या आधीच उभं धान सोडून गेलास. लोंब्या गळून गेल्या. अन् बांधावर ते तार तसंच ठेवलं. आमचा गोऱ्हा मरता मरता वाचला."

"कसलं तार, मावशी?" दुर्गेश्वरीनं विचारलं.

"उघडं तार, बाई. डुकरं मराव म्हनून खांबावरून करंट सोडतेत ते."

"दुसरा कोनी असेल," ओमेश म्हणाला. चहा त्यानं तोंडाला लावलाच नाही.

दुर्गेश्वरीनं रुमालाची गाठ सोडून गोगलगाय म्हातारीसमोर धरली. "मावशी, गाडी जबलपूरची, का चोरखमाऱ्याची?"

"मले काय ठावं? आमच्या घरच्यांनं, याच्या बाबानं आनली."

"कोनत्या रस्त्यानं? ही हेडलाइटमंधून निघाली. तलावातली आहे."

सुशिलाबाईनं पोराकडं पाहिलं. मग ती पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावला.

"दोन सालामागं तलाव लय आटला. आमच्या धुऱ्यासमोर गाळात गाडीचा टप दिसला. घरच्यांनं ट्रॅक्टरनं ओढली. आत मानूस नव्हता, देवाशपथ नव्हता. सांगा म्हटलं पोलिसाले. ते म्हने, आपल्या शेतासमोर निघाली, आपल्यालेच धरतील. मंग रंग मारला, पाटी काढून फेकली. आता तेच नाहीत."

"माय!" भूपेंद्र उभ्या जागी गार पडला. त्या उन्हाळ्यात तो नागपूरला कामाला होता; त्याला जबलपूरच खरं वाटत होतं.

"सगळं झाकलं," दुर्गेश्वरी म्हणाली, "मंग गादीखालचं लाकूड काऊन नाही काढलं?"

म्हातारीनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं काही भलतंच विचारलं होतं. "जिवतीचा खिळा कोन उपटते, बाई? त्याले कोनाचा तरी जीव बांधला असते."

ओमेशनं कप खाली ठेवला. "ताई, चला. यांच्या घरच्या भानगडी आहेत. आपली जीप नाही ही."

"बस."

"ताई..."

"बस म्हटलं ना." तिचा आवाज चढला नाही, पण तो बसला. भूपेंद्र फाटकाशी जाऊन उभा राहिला.

"मी बोलते, तू ऐक," दुर्गेश्वरी म्हणाली. "ही खेमराजचीच गाडी आहे. माझ्या मायनं ठोकवलेले खिळे आहेत तिच्यात. तू खाली शिरून नंबर वाचलास. तिथं नंबर राहिलाच नाही, गंजानं खाल्ला. मी आत्ता पाहून आले. मंग वाचला कुठून?"

ओमेशनं खर्ऱ्याची पन्नी खिशात कोंबली.

"कच्च्या उजेडात चुकलास म्हनू? बरं, चुकलास. पन बोनेट? यांच्या मिस्त्रीले नाही उघडलं, पहारीनं नाही उघडलं. तू काही न पाहता सरळ गुडघा टेकवलास. खेमराजच्या गाडीचा खटका मोडला होता. गुडघा रेटल्याशिवाय ती उघडत नव्हती, अन् हे त्याच्याशिवाय तुले अन् मलेच ठावं होतं. तोंडानं म्हनतोस ही नाही, अन् गुडघा तुझा ओळखते तिले."

"ताई, सवय असते..."

"ऐक. गाडी पान्यात पडली नाही. पाठवली. पहिल्या गिअरमंधी, लोमंधी, हाताचं ॲक्सिलरेटर ओढून. भूपेंद्रले ते बटन चोक वाटलं, त्याच्या बापालेही तेच वाटलं असेल. म्हनजे पाठवनारा जीपचा जानकार. मिस्त्री. अन् तो इथं काऊन होता? बटई होती म्हनून. मले बोदलकसा सांगत आलास, कारन मी कधी चोरखमाऱ्याले येऊन विचारू नये."

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"खेमराजशी तुझं भांडन नव्हतं. मग मी विचार करून राहिली, कायले मारलं असेल? अन् मावशीनं तार सांगितलं. उभं धान कोनी सोडून जात नाही, ओमेश. त्या शेतात पाय ठेवायची हिंमत ज्याले नाही, तोच जाते. तार डुकरासाठी होतं. लागला माझा भाऊ."

ओमेश खाली सरकला आणि त्यानं तिचे पाय धरले.

"मी नाही मारलं त्याले, ताई. दिवेलागनीची वेळ होती. मी नुकताच करंट सोडला. तो बांधावरून हाका मारत आला. ओम्या, पहिली पत्रिका तुले म्हने. मी ओरडलो, थांब, थांब. त्याले वाटलं मजाक करतो. हासत हासत आला, ताई." त्यानं तिचे पाय आणखी घट्ट धरले. "मी भेलो. जेल होईल, घर बसेल. गाडी पान्यात सोडली."

"अन् तो?"

"बांधाच्या टोकाले. मोहाच्या झाडाखाली."

"पत्रिका?"

"त्याच्या हातातच होती. तशीच ठेवली."

दुर्गेश्वरीनं पाय सोडवून घेतले. या क्षणाची तिनं किती तऱ्हेनं कल्पना केली होती. कधी हातात पहार असायची, कधी दगड. पहार तर शेडच्या कोपऱ्यात उभीच होती. तिनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा.

"अपघात होता, ताई. आईशपथ अपघात होता."

"तार लागलं तो अपघात," ती म्हणाली. "त्या रातीच येऊन सांगितलं असतंस, तर मी तुले शिव्या घातल्या असत्या, पोलिसात दिलं असतं, अन् कधीतरी माफही केलं असतं. पन माझी माय दारात बसून राहिली, तो अपघात नव्हता. तू तिच्या समोरून ये-जा करत होतास. तिच्या हातचा चहा पेत होतास. लोक माझ्या भावाले पळपुटा म्हनत होते, अन् तू मान हालवत होतास. दर राखीले हात पुढं केलास. माझ्यासोबत गावोगाव फिरलास, कायले? गाडी निघालीच, तर ही नाही म्हनायले. हे रोज उठून केलंस तू. रोज."

"तुम्ही म्हनाल तिथं कबूल करतो. साहेबासमोर सगळं सांगतो."

"साहेब निघाले आहेत. ते विचारतील तेव्हा सांगशीलच, सुटका कुठं आहे तुले?" तिनं आपला मोबाइल काढला आणि त्याच्यासमोर धरला. "त्याच्या आधी तुझ्या मायले लाव."

ओमेशनं मान वर केली. "ताई, नोको. ती बुढी आहे. तिले काहीच ठावं नाही. साहेब काय करतील ते करू द्या, पन हे नोको."

"लाव."

सुशिलाबाई पायरीवरून उठली. "बाई, त्या म्हातारीचा काय गुन्हा?"

"माझ्या मायचा काय होता, मावशी?"

सुशिलाबाई पुन्हा खाली बसली.

ओमेशच्या बोटांना नंबर लागेना. दुर्गेश्वरीनंच तो लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्या तोंडाशी धरला. पलीकडून म्हातारा, खुशीतला आवाज आला. "दुर्गा का बेटा? सापडली का गाडी? ओमेशले म्हनावं लवकर ये, भात टाकून राहिली."

"बोल," दुर्गेश्वरी म्हणाली.

"माय," ओमेश म्हणाला आणि थांबला.

"काऊन रे? रडून राहिला का? काय झालं?"

"बोल."

आणि ओमेश बोलला. अडखळत, मध्येच थांबत, पण सगळं बोलला. तार, हाका, तलाव, मोह. थांबला की दुर्गेश्वरी फोन आणखी जवळ नेत होती. पलीकडं आधी काहीच ऐकू आलं नाही. मग भांडं पडल्याचा आवाज आला, आणि मग म्हातारीनं जो हंबरडा फोडला तो ऐकून भूपेंद्रनं फाटकाकडं तोंड फिरवलं.

दुर्गेश्वरीनं फोन बंद केला नाही. दूर रस्त्यावर पोलिसांची गाडी वळताना दिसली, तरी तिचा हात तसाच होता. तिनं तो आवाज शेवटपर्यंत ऐकला. तिला वाटलं होतं, ऐकवणार नाही. ऐकवलं. बरंही वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.